लुईची चांदी, भिलाईचा तराजू

मी फ्रेंच राजांची चांदीची नाणी जमवतो असं म्हटलं की भिलाईत पहिला प्रश्न ठरलेला: "काका, इथे ती मिळतात कुठे?" प्रश्न रास्त आहे. हे लोखंडाचं गाव. १९५५ मध्ये पोलाद कारखान्यासाठी रशियाशी करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि आमच्यासारखी विदर्भातली कितीतरी घरं नोकरीच्या मागे सेक्टरमध्ये येऊन राहिली. त्या काळी रशियन तज्ज्ञ पोरांच्या हातावर कोपेक ठेवत. इथल्या बऱ्याच जणांचा नाण्यांचा नाद तिथून सुरू झाला, माझाही. कोपेकवरून लुई पंधराव्यावर मी कसा गेलो ही गोष्ट लांबट आहे आणि फारशी रंजकही नाही. धातू तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे चेहऱ्याआधी धातू बघायची सवय लागली, एवढं सांगितलं तरी पुरे. आता नवी मुलं विचारायला येतात. त्यांना जे सांगतो ते इथे क्रमांक घालून लिहितो.

१. एक राजा धरा, जमलं तर एकच नाणं धरा.

फ्रेंच राजांची चांदी म्हणजे पाचशे वर्षांचा पसारा. नवव्या लुईने १२६६ मध्ये 'ग्रो तुर्न्वा' हे मोठं चांदीचं नाणं काढलं. बाराव्या लुईच्या १५१४ च्या 'तेस्तों'वर राजाचा खराखुरा चेहरा आला. तिसऱ्या हेन्रीने १५७५ मध्ये चांदीचा फ्रँक पाडला. १६४१ मध्ये तेराव्या लुईने सगळी व्यवस्था बदलून मोठा 'एकू' आणला, त्याचे साचे जाँ व्हारँ या कोरक्याने कोरले. हे सगळं जमवू म्हणणारा माणूस काहीच जमवत नाही, नुसती खरेदी करतो.

मी १७२६ ते १७९२ हा तुकडा धरला. जॉन लॉच्या कागदी नोटांचा फुगा १७२० मध्ये फुटला. त्यानंतर काही वर्षं चलनाचे हाल झाले आणि १७२६ मध्ये सरकारने एकदाचा आकडा पक्का केला: एकूचं वजन २९.४८८ ग्रॅम, हजारात ९१७ भाग चांदी, किंमत सहा लिव्हर. राज्यक्रांती होईपर्यंत तो आकडा हलला नाही. मधे लुई पंधरावा तरुणाचा म्हातारा झाला, लॉरेलच्या फांद्यांचा एकू गेला, डोक्याला फीत बांधलेला आला, मग म्हाताऱ्या चेहऱ्याचा, पुढे १७७४ मध्ये नातू सोळावा लुई गादीवर आला. वजन तेच राहिलं. नवशिक्याला अशी स्थिर जागा लागते.

चौदाव्या लुईचा मोह होईल, तो आवरा. युद्धाच्या खर्चापायी त्याने १६८९ मध्ये व्हर्सायमधलं चांदीचं फर्निचर वितळवलं. पुढे १६९०, १६९३, १७०१, १७०४ अशी लोकांची जुनी नाणी परत मागवून, न वितळवता त्यांच्यावरच नवे छाप मारले आणि वाढीव भावाने परत दिली. त्या नाण्यांवर नव्या मुकुटाखालून जुन्या चेहऱ्याचं नाक डोकावतं. फार देखणा प्रकार आहे, पण डोळा तयार झाल्याशिवाय त्यात खोटं कुठलं आणि दुहेरी छाप कुठला ते समजत नाही.

२. पहिले पैसे पुस्तकावर घाला.

फ्रेडेरिक द्रुलेर यांची १६१० ते १७९२ ची सूची, व्हिक्टर गादुरी यांचं त्याच काळावरचं पुस्तक, आणि त्याहून जुन्या काळासाठी जाँ द्युप्लेसी. यांतलं एक तरी हाताशी हवं. फ्रेंच येत नाही म्हणून कुणी अडत नाही. वजन, व्यास, टांकसाळ, कड, वर्ष असे पंधरावीस शब्द पाठ झाले की सूची वाचता येते. दर्जाची खूणही समजून घ्या: 'टीबी' म्हणजे बरं, 'टीटीबी' म्हणजे चांगलं, 'एसयूपी' म्हणजे फार चांगलं. शब्दशः 'टीबी'चा अर्थ 'फार सुंदर' असा आहे, पण फ्रेंच विक्रेता ज्याला फार सुंदर म्हणतो ते नाणं आपल्याला बरंच झिजलेलं दिसतं.

३. वजन करा. मग पाण्यात वजन करा.

भिलाईत कुणाला नाणं दाखवलं की तो आधी चुंबक काढतो. गावाची सवयच आहे. पण चुंबकाला पितळही चिकटत नाही, जस्तही नाही, शिसंही नाही. चुंबकाने फक्त अगदी आळशी बनावट पकडली जाते.

शतांश ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. नाणं आधी तसंच तोला. झिजलेला एकू २९ ग्रॅमच्या थोडा खाली भरतो, ते चालतं. २६ भरला तर परत द्या, ३१ भरला तरीही द्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात असं सोडा की ते पूर्ण बुडेल, पण तळाला आणि भिंतीला टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते. ९१७ च्या चांदीत बाकी तांबं असतं, तिची घनता १०.३ च्या आसपास येते. म्हणजे पूर्ण वजनाच्या एकूसाठी काट्यावर साधारण २.८५ ग्रॅम दिसले पाहिजेत. तांबं-निकेलच्या मिश्रणाचं तेवढ्याच वजनाचं नाणं ३.३ दाखवेल. अर्ध्या ग्रॅमचा हा फरक स्वयंपाकघरातल्या ओट्यावरही लपत नाही. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे तेवढे बोटाने हळूच काढा, नाहीतर खरी चांदी उगाच नापास होते.

या परीक्षेची मर्यादाही ओळखून असा. शिसं मिसळून घनता जुळवता येते. नापास झालेलं नाणं नक्की खोटं, पण पास झालेलं खरंच असेल असं नाही. त्यासाठी पुढचा मुद्दा.

४. चेहरा शेवटी बघा, कड आधी वाचा.

माझ्या मते एकूचा सर्वांत बोलका भाग त्याची कड आहे, आणि विकणारे नेमका तिचाच फोटो देत नाहीत. मागून घ्या. देत नसतील तर घेऊ नका.

हाताने हातोडा मारून पाडलेल्या नाण्याची कड लोक कातरत आणि कातरण वितळवून विकत. फ्रान्सने १६४५ मध्ये हातोडा बंद करून यंत्र आणलं. रोलिंग मिल, छापा आणि दाब हे शब्द आमच्या गावात शाळकरी पोरालाही माहीत असतात, त्यामुळे इथे समजावणं सोपं जातं. चांदीची लादी रुळांमधून काढून पत्रा करायचा, पत्र्यातून गोल चकत्या पाडायच्या, त्या चकत्या कडेवर अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रातून फिरवायच्या, आणि शेवटी स्क्रू प्रेसखाली दोन्ही बाजूंचा ठसा मारायचा. कडेचं यंत्र जाँ कास्तँ नावाच्या अभियंत्याचं, १६८५ पासून ते वापरात आलं. कडेवर अक्षरं असली की कातरणाऱ्याची चोरी लगेच दिसते.

आमच्या एकूच्या कडेवर लॅटिनमध्ये मजकूर असतो: 'देवा, राजाला राख'. सोळाव्या लुईच्या १७९२ च्या जुन्या छापाच्या नाण्यावरही तोच आहे, आणि २१ जानेवारी १७९३ ला राजाचं डोकं उडवलं गेलं. त्याच सुमारास घटनात्मक राजेशाहीचा जो नवा एकू निघाला, त्याच्या कडेवर देव नाही. तिथे 'राष्ट्र, कायदा आणि राजा' असं फ्रेंचमध्ये आहे, राजा तिसऱ्या क्रमांकावर. राज्यक्रांतीवरची जाड पुस्तकं मी वाचली आहेत, पण ती उलथापालथ मला या दोन कडांनी जास्त नीट समजावली.

ओतून केलेल्या खोट्या नाण्याच्या कडेवर सांध्याची बारीक रेघ असते, किंवा अक्षरं लोण्यात दाबल्यासारखी गुळगुळीत असतात. खऱ्या कडेची अक्षरं धारदार असतात, पण दर वेळी एकाच जागी सुरू होत नाहीत, कारण चकती यंत्रात कुठूनही शिरे. दोन एकूंची कड अक्षरागणिक चेहऱ्याच्या त्याच ठिकाणी जुळली तर सावध व्हा.

आणि कडेवर, राजाच्या डोक्याच्या बरोबर वर, एक पुसट डाग किंवा भरलेला खड्डा आहे का ते पाहा. तिथे कधीतरी कडी डाकलेली असते. युरोपातही बायका नाणी गळ्यात घालत. छत्तीसगडात रुपयांची नाणी ओवलेली रुपिया माळ पाहत वाढलेल्या माणसाला ही खूण शिकवावी लागत नाही.

५. रेघोट्या म्हणजे खराबी नव्हे.

राजाच्या गालावर किंवा ढालीवर समांतर ओरखडे दिसले की नवे लोक भाव पाडून मागतात. टांकसाळीत छाप मारण्याआधी चकती जड भरली तर कानशीने घासून वजनात आणत. त्या कानशीच्या रेघा आहेत. छापाच्या खाली असतात, वर नाही. भिंगातून बघा.

६. टांकसाळीचं अक्षर शोधा.

राजाचा चेहरा सगळीकडे सारखाच, गाव मात्र अक्षरावरून कळतं. 'ए' म्हणजे पॅरिस, 'डी' ल्याँ, 'के' बोर्दो, 'एल' बायोन, 'क्यू' पेर्पिन्याँ, 'डब्ल्यू' लील. स्ट्रासबुर्गचे दोन 'बी', मेत्सचे दोन 'ए'. पो या गावाची खूण अक्षर नसून चिमुकली गाय आहे, आणि तिथल्या नाण्यावर राजाच्या बिरुदात बेआर्न प्रांताचा उल्लेखही शिरतो. माझं सर्वांत आवडतं नाणं या गायीचं आहे, त्याला व्यवहाराचं काही कारण नाही.

नवख्याला वाटतं पॅरिसची नाणी सर्वांत जास्त असणार. पण बायोन आणि पोची भरपूर सापडतात. दोन्ही गावं पिरेनीज डोंगराच्या पायथ्याशी, स्पेनच्या दाराशी आहेत. फ्रान्समध्ये चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. मेक्सिको आणि पेरूची चांदी स्पेनमध्ये उतरे आणि व्यापाराच्या वाटेने डोंगर ओलांडून या टांकसाळींत पोचे. राजाचा चेहरा फ्रान्सचा, धातू अमेरिकेचा. हे लक्षात ठेवा, आठव्या मुद्द्यात याची गरज लागेल.

वर्षाच्या उत्तरार्धात पाडलेल्या नाण्यांवर राजाच्या नावातल्या एका अक्षराखाली बारीक टिंब असतं. काही जण वर्षाची दोन्ही सत्रं वेगळी जमवतात. मी त्या वाटेला गेलो नाही, पेन्शनला मर्यादा असते.

७. घासू नका.

चिंच, राख, टूथपेस्ट, सराफाचं पाणी, काहीही नाही. जुन्या चांदीवरची काळसर साय तिची कातडी आहे. ती गेली की निम्मी किंमत गेली, आणि ती परत आणता येत नाही.

८. भारतातली लुईची चांदी राजाच्या चेहऱ्याने शोधू नका.

"पाँडिचेरीला तर फ्रेंच होते, मग त्यांचे एकू इथे ढिगाने का सापडत नाहीत?" असं हुशार मुलं विचारतात. उत्तर व्यवहारात आहे. फ्रेंच कंपनी १६६४ ची, सुरतेची वखार १६६८ ची. पाँडिचेरीचा जम फ्राँस्वा मार्तँने १६७४ पासून बसवला. जहाजांतून येई ती बहुतेक स्पॅनिश चांदी. इथल्या विणकराला आणि सावकाराला लुई कोण ते माहीत नव्हतं, त्याला रुपया हवा होता, तोही बादशहाच्या नावाचा. म्हणून गव्हर्नर बेन्वा द्युमाने १७३६ मध्ये अर्काटच्या नवाबाकडून, दिल्लीच्या मान्यतेने, पाँडिचेरीत रुपये पाडायचा हक्क मिळवला. त्या रुपयांवर फारसी अक्षरं आहेत, मोगल बादशहाचं नाव आहे, टांकसाळ म्हणून अर्काटचं नाव आहे. फ्रान्सचं काहीही नाही. ओळखायची खूण एकच, टांकसाळीच्या मजकुराच्या बाजूला एक चंद्रकोर. वजन सव्वाअकरा ते साडेअकरा ग्रॅम. चकती ठशापेक्षा लहान असल्याने कधीकधी ती कोरही कडेबाहेर निसटलेली असते.

राजाची खूण हवीच असेल तर पाँडिचेरीचा चांदीचा फनाम बघा. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला लिलीची फुलं, फ्रान्सच्या राजघराण्याचं चिन्ह. आकाराने नखाएवढा. एकूच्या शेजारी ठेवला तर हसू येतं, पण भारतात राहून फ्रेंच राजांची चांदी जमवणाऱ्याच्या पेटीत हा हवाच, आणि तो परदेशातून मागवावा लागत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. मे १७४० मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजेने कर्नाटकात दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली याला मारलं. नवाबाच्या घरातल्या बायकामुलांनी पाँडिचेरीत द्युमाचा आसरा घेतला. त्यांत नवाबाचा जावई चंदासाहेब याचं कुटुंबही होतं. रघुजींनी द्युमाकडे खंडणी मागितली आणि आसऱ्याला आलेल्यांना स्वाधीन करा म्हणून सांगितलं. द्युमाने दोन्हीला नकार दिला. त्याच्या उत्तराचा आशय असा होता की आमच्या देशात सोनंही पिकत नाही आणि चांदीही नाही, ती आम्ही बाहेरून आणतो. आमच्याकडे आहे ते फक्त लोखंड आणि शिपाई. उत्तर धमकीचं होतं, पण चांदीबद्दल तो खरं बोलत होता. बायोन आणि पोचं रहस्य त्या एका वाक्यात आहे. पुढे द्युमाने पाठवलेल्या फ्रेंच मद्याच्या बाटल्या रघुजींच्या घरात फार आवडल्या आणि वाद निवळला, अशी एक आख्यायिकाही इंग्रज इतिहासकार चवीने सांगतात. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेबाला कैद करून साताऱ्याला नेलं.

त्याच १७४१ मध्ये रघुजींच्याच भास्करपंत कोल्हटकरांनी छत्तीसगडात उतरून रतनपूर घेतलं. त्या मोहिमेत मराठ्यांचा तळ होता दुर्गला, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पुढे रघुजींचे चिरंजीव बिंबाजी रतनपूरला राहून कारभार करू लागले. चंद्रकोरीचा रुपया हातात घेतला की मला या दोन्ही मोहिमा एकत्र दिसतात, आणि भिलाईत बसून फ्रेंच चांदी का जमवता, या प्रश्नाला माझं उत्तर तेच असतं.

पाँडिचेरी इंग्रजांनी १७६१, १७७८ आणि १७९३ अशी तीनदा घेतली आणि तीनदा परत केली, शेवटची १८१६ मध्ये. म्हणून या रुपयांच्या तारखांत खंड आहेत. हिजरी सन आणि बादशहाचं जुलूस वर्ष, म्हणजे तो गादीवर आल्यापासूनचं वर्ष, वाचायला शिका. फारसी आकडे शिकायला एक आठवडा पुरतो.

९. कायदा दोन ओळींत.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू आहे. ते बाळगायला हरकत नाही, पण परवान्याशिवाय देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. शेतात, पायाच्या खड्ड्यात गाडलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली तर १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं. "शेतात निघालं आहे, गुपचूप घ्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्यातलं निम्मं खोटं असतं आणि उरलेलं बेकायदा.

१०. बघायला पैसे लागत नाहीत.

रायपूरचं महंत घासीदास संग्रहालय १८७५ चं, नागपूरचा अजब बंगला १८६३ चा. दोन्हीकडे नाण्यांचे संग्रह आहेत. मुंबईला रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्तांनी उभी केलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. घेण्याआधी शंभर नाणी नुसती बघावीत. रायपूरच्या सदर बाजारात आणि नागपूरच्या इतवारीत जुने सराफ अजूनही चांदी बोटांवर खेळवून सांगतात, त्यांच्याकडे बसून ऐकावं. चहा ते पाजतात.

शेवटी एक विनंती, जमवणाऱ्यांना नव्हे, इथल्या घराघरांना. आजीची रुपिया माळ मोडायला नेण्याआधी ती एकदा उजेडात धरा. राणीचे आणि जॉर्जचे कलदार बहुतेकांत असतातच. पण त्यांच्यात एखादा जाडसर, वेडावाकडा, फारसी अक्षरांचा रुपया असेल तर सराफ तो बाकीच्यांबरोबर वजनावरच घेईल आणि मुशीत टाकेल. असा रुपया माळेतून काढून ठेवा, त्यावर चंद्रकोर आहे का बघा, आणि रायपूरच्या संग्रहालयात नेऊन वाचून घ्या. चांदीचा भाव उद्याही मिळेल.